तंबू ठोकण्याआधी धरणसाठा वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी आटोपली की पुणे-पिंपरीतून पवना, पानशेत, मुळशी, भाटघरच्या काठी मुक्कामाला जाणाऱ्यांची रीघ लागते. तंबूतली तरुण मंडळी, लेकराबाळांसह आलेली कुटुंबे आणि अलीकडे भाड्याची कॅराव्हॅन घेऊन येणारे असे सगळे एकाच काठावर उतरतात. बुकिंग करताना विचारपूस होते ती जेवणाची, बार्बेक्यूची आणि तंबूतून तिकोना दिसतो का याची. जागा पाण्यापासून किती उंचावर आहे, जमीन कसली आहे आणि संडासाचे मैलापाणी कुठे जाते, हे तीन प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. मुक्काम फसतो तो बहुतेक वेळा यांच्यापायीच, म्हणून हे पत्र.

आपल्या दैनिकात येणारा धरणसाठ्याचा तक्ता पुणेकर वाचतात तो पाणीकपातीच्या काळजीने. मुक्कामाला जाणाऱ्याने तोच तक्ता सर्वांत आधी पाहावा. पवनेचा उपयुक्त साठा साडेआठ टीएमसी, पानशेतचा साडेदहाच्या थोडा वर, वरसगावचा पावणेतेराच्या आसपास. चांगला पाऊस झाला तर ही धरणे सप्टेंबरपर्यंत भरतात आणि पुढच्या जूनपर्यंत उतरत जातात. साठा शंभर टक्के असतो तेव्हा पाणी गवताच्या रेषेला टेकलेले असते. टक्का घसरतो तशी गवत आणि पाणी यांच्यामध्ये उघडी पट्टी पडत जाते. ही पट्टी म्हणजे बुडालेली जुनी भातखाचरे आणि त्यांवर साचलेला गाळ. वरून ती भेगाळलेली, टणक दिसते, पण खाली ओल तशीच असते. अंगठ्याएवढ्या जाडीची काठी दोन्ही हातांनी दाबावी. ती वीतभर सहज आत गेली तर तिथे खुंटी धरणार नाही आणि गाडीचे चाक तर नक्कीच रुतेल. 'अगदी पाण्याला लागून तंबू' अशी जाहिरात डिसेंबरनंतर दिसली, तर तो तंबू बहुधा याच गाळावर आहे असे समजावे. शिवाय गाळपेर जमिनीवर, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात, गावकऱ्यांचे पीक असते, त्यातून गाड्या घालणे हा निव्वळ अन्याय आहे.

पाणी चढण्याच्या दिवसांत हिशेब उलटा होतो. काठाचा उतार वीसास एक असेल, म्हणजे वीस मीटर चालल्यावर एक मीटर उंची वाढत असेल, तर धरणाची पातळी एक मीटर चढली की पाणी वीस मीटर आत येते. जुलैच्या जोरदार पावसात एवढी वाढ एका दिवसात होऊ शकते. रात्री दहाला पंचवीस पावलांवर असलेले पाणी पहाटे उशाशी येते ते यामुळे. त्यामुळे तंबूची जागा पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येते त्या रेषेच्या, वरच हवी. ती पातळी ओळखायला मोजमापाची गरज नाही. काड्या, बाटल्या, थर्मोकोल यांची आडवी ओळ जिथे अडकलेली दिसते आणि जिच्या वर झुडपे सुरू होतात, तीच गेल्या हंगामातली सर्वांत वरची रेषा. तिच्याही वर तीसेक मीटर जागा सोडून तंबू ठोकावा. पावसाळा सरल्यावरही आपण निदान शुक्रवारच्या अंकात या धरणांची पातळी टक्क्यांबरोबर मीटरमध्ये द्यावी आणि शेजारी पूर्ण संचय पातळी छापावी, अशी विनंती आहे. शनिवारी निघणाऱ्या कुटुंबाला त्याचा थेट उपयोग होईल.

काठावरची जी जागा सर्वांत सपाट आणि मऊ असते, ती पुष्कळदा ओढ्याचे मुख असते. तिथे कधीही राहू नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यांचा घात केला तो वरच्या डोंगरातून अचानक वाढलेल्या प्रवाहाने. डोक्यावर पाऊस नसला तरी डोंगरमाथ्यावर पडलेली सर थोड्याच वेळात ओढ्याने खाली येते. धरणाच्या खालच्या अंगाला, नदीपात्रात राहणे तर त्याहून वाईट, कारण विसर्ग वाढवताना भोंगा वाजतो खरा, पण झोपेतल्या माणसाला सामान आवरायला तेवढा वेळ पुरत नाही. पावसाळ्यात जिल्हाधिकारी धोकादायक ठिकाणी जाण्यास बंदीचे आदेश काढतात. ते आदेश पाहूनच बुकिंग करावे आणि बंदी असताना 'आमच्याकडे चालते' म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवावी.

आता तंबू. बाजारात 'चौघांचा' म्हणून मिळणारा तंबू बहुधा सात बाय सात फुटांचा असतो. माणशी पावणेदोन फूट, आणि त्यातच पिशव्या. दोन मोठी माणसे आणि एक मूल हीच त्याची खरी क्षमता. तंबूबरोबर येणाऱ्या खुंट्या बारीक तारेच्या असतात आणि मावळातल्या मुरमात दुसऱ्याच घावाला वाकतात. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातून दहा मिलिमीटरची सळई घ्यावी, फूट-फुटाचे तुकडे करून एक टोक घासून अणकुचीदार करावे आणि दुसरे टोक वाकवून आकडा करून घ्यावा. एका तंबूला चार कोपरे आणि चार ताण-दोऱ्या धरून आठ खुंट्या लागतात, दहा न्याव्यात. खुंटी ठोकताना तिचे डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला साधारण ४५ अंशात कलते ठेवावे, म्हणजे दोरी खेचली तरी खुंटी उपसून येत नाही. बरेच जण नेमके उलटे ठोकतात आणि मग वाऱ्याला दोष देतात.

एप्रिल-मेमध्ये हा वारा फार महत्त्वाचा. वळवाचा पाऊस यायच्या आधी पाच-दहा मिनिटे जो सोसाटा सुटतो, त्यातच तंबू उडतात. पाऊस नंतर येतो. म्हणून दुपारनंतर ढग दाटले की ताण-दोऱ्या तपासाव्यात, दार वाऱ्याच्या दिशेला असेल तर तंबू फिरवून घ्यावा आणि रिकामा तंबू कधीही नुसता उभा ठेवू नये, आत वजन असावे. विजा सुरू झाल्या तर एकट्या झाडाखाली किंवा तंबूत न थांबता पत्र्याच्या गाडीत बसावे, काचा वर कराव्यात. तंबूचे कापड आणि फायबरच्या काठ्या विजेपासून काहीही संरक्षण देत नाहीत. कॅराव्हॅनची बॉडी फायबरची असेल तर तिलाही तेच लागू.

खाली अंथरायला जुना फ्लेक्स उत्तम, पण तो तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन इंच लहान हवा. बाहेर राहिलेल्या कडेवर पावसाचे पाणी जमते आणि फ्लेक्सवरून सरळ तंबूखाली शिरते. तंबू गळतो अशी तक्रार जिथे होते तिथे निम्म्या वेळा कारण हे असते. उरलेल्या वेळा पाणी बाहेरून आलेलेच नसते. थंडीत तीन माणसांच्या श्वासातली वाफ गार कापडावर जमते आणि पहाटे थेंब होऊन अंगावर पडते. थंडी वाजते म्हणून वरच्या जाळ्या बंद केल्या की हे हमखास घडते. जाळ्या उघड्याच ठेवाव्यात आणि ऊब खालून धरावी, कारण रात्री शरीराची उष्णता सर्वांत जास्त ओढते ती जमीन. पाण्याकाठी डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांजवळ उतरतो. दहा मिलिमीटरची फोमची चटई, तिच्यावर सतरंजी आणि वर रग, एवढे पुरते. फोम नसेल तर वर तीन रग घेतले तरी पाठ गारठते.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. पेटलेली किंवा विझत आलेली कोळशाची शेगडी तंबूत किंवा गाडीत घेऊ नये. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोके जड होते, झोप येते आणि माणूस उठतच नाही. राख धरलेली शेगडी विझलेली वाटते, पण वायू तिच्यातूनही निघतो. कोळसा पाण्याने विझवून बाहेरच ठेवावा.

शेकोटी जमिनीवर करण्यापेक्षा लोखंडी घमेल्यात करावी, तंबूपासून पंधरा-वीस फुटांवर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला. जानेवारीनंतर डोंगरउतारावरचे गवत वाळलेले असते आणि एका ठिणगीने वणवा लागतो. लाकूड गावातून विकत घ्यावे, उभी झाडे तोडू नयेत. निजण्याआधी पाणी ओतून राख ढवळावी, तळहाताची पाठ जवळ नेऊन ऊब लागत नाही ना ते पाहावे.

लहान मुले बरोबर असतील तर पाण्याची धास्ती सर्वांत मोठी असली पाहिजे. उन्हाळ्यात पवनेचे पाणी उतरले की वाघेश्वराचे जुने मंदिर वर येते. एक अख्खे मंदिर जिथे बुडते तिथे पाण्याखाली शेताचे बांध, विहिरी, दगडी ताली, झाडांचे बुंधे हे सगळे आहे. गुडघाभर पाण्यात चाललेले मूल बांधावरून एक पाऊल पुढे टाकते आणि डोक्यावर पाणी जाते. गाळात पाय अडकला की पोहता येणाराही हतबल होतो. पोहण्याच्या तलावातला सराव इथे कामाला येत नाही. काठावर जाणाऱ्या प्रत्येक मुलाला लाइफ जॅकेट हवे. ते वजनानुसार निवडावे, बकल लावून घ्यावेत आणि मग खांद्याच्या पट्ट्यांना धरून मुलाला उचलून पाहावे. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले तर ते मोठे आहे, पाण्यात त्यातून मूल निसटेल. लहानग्यांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे. हवा भरलेली रबरी ट्यूब हे खेळणे आहे, तिच्या भरवशावर कोणाला पाण्यात सोडू नये.

मोठ्यांपैकी एकाने अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळीने फक्त पाण्यावर नजर ठेवावी, हातात फोन नको, आणि पाळी असलेल्याने मद्य घेतलेले नसावे. बुडणारा माणूस ओरडत नाही, तोंड पाण्याच्या पातळीला असते आणि हात खालीच दाबले जातात. त्यामुळे आवाजाची वाट पाहण्यात वेळ जातो. पाच लिटरचा रिकामा कॅन घ्यावा, त्यात पेलाभर पाणी भरून झाकण घट्ट लावावे आणि मुठीला वीस मीटर दोरी बांधून काठावर तयार ठेवावा. पाण्याच्या वजनाने तो लांब फेकता येतो आणि तरीही तरंगतो. वाचवायला उडी मारू नये, दोन्ही जीव जातात. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी पथके जिवावर उदार होऊन धावून येतात, पण त्यांना पोहोचायला जो वेळ लागतो तेवढा वेळ बुडणाऱ्याकडे नसतो.

साप-विंचवाबद्दल थोडक्यात. मण्यार रात्री निजलेल्यांना चावते आणि तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही, म्हणून तंबूची चेन रात्रभर पूर्ण बंद असावी, बूट आत घ्यावेत आणि घालताना झटकावेत. चावल्यास चिरा देणे, दोरी आवळणे, तोंडाने विष ओढणे यांपैकी काहीही करू नये. अवयव हलू न देता १०८ ला फोन करून प्रतिविष असलेल्या रुग्णालयाकडे निघावे. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे दिसले तर घरगुती उपायात वेळ दवडू नये. त्यावर प्राझोसिन हे औषध गुणकारी ठरते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिलेले आहे.

आता ज्या विषयावर बोलायला संकोच वाटतो, तो. पवनेचे पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून उचलून पिंपरी-चिंचवडला पुरवले जाते. म्हणजे काठावर जे सोडले जाते ते शहराच्या नळाच्या वाटेवर असते. वीस माणसांमागे एक संडास हा साधा हिशेब धरला, तर साठ तंबूंच्या जागेत, तंबूत तीन माणसे धरून, नऊ संडास हवेत. प्रत्यक्षात किती असतात हे जाऊन मोजावे. त्यांचे मैलापाणी सेप्टिक टाकीत जाते की उघड्या खड्ड्यात, हेही विचारावे. मावळ-मुळशीत माती पातळ आणि खाली काळा पाषाण आहे. शोषखड्ड्यातले पाणी त्या मातीत मुरून स्वच्छ होण्याआधीच खडकावरून आणि भेगांतून उताराकडे, म्हणजे जलाशयाकडे धावते. म्हणून टाकी काठापासून दूर, वरच्या अंगाला आणि बांधीव हवी, आणि ती ठरावीक काळाने उपसली गेली पाहिजे. भांडी थेट पाण्यात घासणे, काठावर शाम्पू लावून अंघोळ करणे हे तर लगेच थांबवता येईल. बादलीने पाणी साठ पावले आत न्यावे आणि वापरून तिथेच मातीवर ओतावे. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज पाच लिटर पाणी घरूनच न्यावे. जलाशयाचे पाणी प्यायची वेळ आलीच तर गाळून, खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्यावे.

कॅराव्हॅनवाल्यांनी रस्ता आधी ठरवावा. लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीतून पवनेला उतरणारा रस्ता वळणाचा आणि तीव्र उताराचा आहे, पावसाळ्यात दरडीची भीती वेगळी. लांब गाडीला कामशेतहून करुंज, बेडसेमार्गे पवनानगरचा रस्ता बरा. गाडीची उंची तीन मीटरच्या आसपास जाते, त्यामुळे गावातल्या लोंबणाऱ्या तारा आणि शेवटच्या कच्च्या रस्त्यावरच्या फांद्या यांची चौकशी फोनवरच करावी. पाण्याची शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो वजन वाढते आणि ते बहुधा मागच्या चाकांवर येते. घाट चढताना टाकी पाव भरलेली ठेवून मुक्कामी भरून घ्यावी, आणि उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, सतत ब्रेकवर उतरले की ब्रेक तापून पकड सोडतात. उभी करायची ती मुरमावर किंवा खडीवर, काळ्या मातीत किंवा गवतावर नाही. चाकाखाली लाकडी फळ्या घालून गाडी सपाट करावी, तिरकी राहिली तर टाकीतले सांडपाणी नीट वाहत नाही.

विजेचा अंदाज हमखास चुकतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत बाराशे वॅट-तास असतात, आणि साधी शिशाची बॅटरी असेल तर त्यातले निम्मेच वापरावेत, नाहीतर ती लवकर मरते. पन्नास वॅटचा छोटा फ्रिज निम्मा वेळ चालला तरी दिवसाकाठी सहाशे वॅट-तास खातो. म्हणजे एकट्या फ्रिजने हिशेब संपला. एसीचे तर नावच नको, त्याला बाहेरची जोडणी लागते. ती जोडणी घेताना १५ अँपिअरचा सॉकेट, खरे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते डोळ्यांनी पाहावे. वायर किमान अडीच चौरस मिलिमीटरची हवी आणि रिळावरून पूर्ण सोडवलेली, कारण गुंडाळलेली वायर तापून वितळते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तो फरशीलगत साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी झरोका हवाच.

आणि गाडीतला संडास. त्याची काढता येणारी पेटी वीसेक लिटरची असते, चौघांना जेमतेम दोन दिवस पुरते. ती कुठे रिकामी करायची, याचे उत्तर आज पुणे जिल्ह्याच्या धरणकाठांवर मिळणे कठीण आहे, आणि म्हणून ती अंधारात ओढ्यात ओतली जाते. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यात गाड्यांसाठी पाणी, वीज आणि सांडपाण्याच्या सोयी असलेल्या पार्कची कल्पना आहे. पवनेच्या वाटेवर कामशेतला आणि पानशेतच्या वाटेवर खडकवासल्याच्या अलीकडे अशी पेटी रिकामी करायची एकेक जागा, धुवायला नळ आणि बांधीव टाकी, एवढे जरी झाले तरी मोठा प्रश्न सुटेल. तोवर पेटी घट्ट बंद करून घरी आणावी आणि घरच्या संडासात थोडी थोडी ओतून भरपूर पाणी टाकावे. फॉर्मल्डिहाइड असलेले रसायन पेटीत वापरू नये, त्याने सेप्टिक टाकीतले मैला कुजवणारे जिवाणू मरतात.

जागामालकांना एवढेच सांगणे, की कुटुंबांचे तंबू, तरुणांचे तंबू आणि कॅराव्हॅन यांच्या जागा वेगळ्या ठेवा. गाडी मागे घेताना चालकाला जमिनीवर निजलेले माणूस दिसत नाही, आणि जनरेटरचा धूर शेजारच्या तंबूत शिरतो. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धकाला कायद्याने बंदी आहे, ती जागेच्या फलकावरच लिहा. ग्राहकांनी सगळे पैसे आगाऊ भरू नयेत, थोडी रक्कम देऊन जागेचा नकाशावरचा ठिकाणा, संडासांची संख्या आणि लाइफ जॅकेटचे फोटो मागवावेत. हे देण्यास जो टाळाटाळ करेल त्याच्याकडे जाऊ नये. जलसंपदा विभागाने पूर्ण संचय पातळीचे रंगवलेले दगड काठावर दर शंभर मीटरवर रोवावेत आणि ग्रामपंचायतींनी त्या दगडांच्या खाली तंबू लावायला परवानगी देऊ नये.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे ३८